तलावात उभी असलेली माझी गिटार

कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. हसायचं मात्र शेवटी!

मी गोंदियात नाटकमंडळ्यांच्या पेट्या-ढोलक्या दुरुस्त करतो. एकदा कुणीतरी फुटकी गिटार आणून दिली आणि माझं डोकं कायमचं फिरलं. तिच्या पोटाशी नाक नेलं, तर आत जंगलाचा वास! तेव्हापासून एकच ध्यास. जुन्यात जुन्या लाकडाची गिटार करायची. लाकूड जितकं जुनं, तितकं त्यानं जास्त ऐकलेलं, आणि ऐकलेलंच ते पुढे गाणार, असा माझा सिद्धांत. माझी बायको सुमन याला वेड म्हणते.

तिच्या आजीच्या पाळण्याची मी गिटार केली. ती वाजली की मांजर घर सोडून जायचं. मग बैलगाडीच्या जुवाची केली. तिला तर आवाजच नव्हता. पण यात माझ्या हाताचा काय दोष? लाकूडच पुरेसं जुनं नव्हतं!

मोबाइल नुकते आले होते, त्या काळातली गोष्ट. दिवाळी करून आमगावजवळ सासुरवाडीला गेलो. धानकापणीचे दिवस, सगळं गाव बांध्यांत. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. मी पडलो जावई, मला काम कोण सांगणार? सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जाऊन बसलो. पाण्यावरून धुकं उठत होतं. कमळाची पानं हळूच हलायची आणि पुन्हा झोपायची. बगळेसुद्धा स्वप्नात असल्यासारखे उभे. आणि काठाशी, पाण्यातून वर आलेला एक काळाभोर खांब.

त्याच्या शेजारी एक दगडी चौथरा होता, त्यावरून वाकून खांबावर बोटानं टकटक केलं. टण्ण! अहो, बिजाचं लाकूड! एवढं मोठं बिजाचं झाड आता जंगलातही शोधावं लागतं. आणि हे तर कित्येक पिढ्या पाण्याचं बोलणं ऐकत उभं! मला समोर गिटार दिसायला लागली. रंगमंच दिसला. निळा उजेड, गप्प झालेली माणसं, आणि मधोमध मी.

धावत घरी आलो. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, विळा घेऊन निघायच्या घाईत.

"मामाजी, तलावाजवळ एक जुनं लाकूड आहे. घेऊ का?"

"घ्या ना जी, जवाई! इचारता कायले? तुमचंच होय!"

त्यांना वाटलं, पडलेली एखादी फांदी असेल. आणि तसंही, आमच्याकडे जावयाला 'नाही' म्हणायची पद्धतच नाही.

खांबाला दोर बांधला, खांब हलवला, पिळला, ओढला. खांब सुटला तसा खालून गुडगुड आवाज आला. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मी डोळे मिटले. म्हटलं, लाकूड गायला लागलं!

कसाबसा ओढत तो मागच्या अंगणात आणला. दम कुठला निघतोय? गिरमिट घेतलं आणि वरच्या टोकाला सहा तारांसाठी सहा आरपार भोकं पाडली.

तेवढ्यात शेजारचे तुकारामभाऊ आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं.

"राम राम, जवाई. बरं आहे ना जी?"

"एकदम मस्त!"

ते खाली बसले. मागून आणखी दोघं आले, कमरेपर्यंत चिखल.

"लाकूड मोठं बेस आहे जी," एक जण म्हणाला.

काय रसिक गाव! मी भारावून गेलो. गिटारीचं पोट कसं असतं, मान कशी असते, सगळं समजावलं. सासूबाईंनी चहा दिला. पाहुणे चुळबुळ करत प्यायले.

"कापनार का जी आता?"

"हो, लगेच! करवत घेतलीच आहे."

तुकारामभाऊ उठून उभे राहिले. पुन्हा बसले.

एवढ्यात बांधीतून सुमन आली. पदर खोचलेला, डोक्यावर धानाचा भारा, त्यातून पाणी ठिबकतंय.

"काय करून राहिले तुम्ही? तुडूम उघडला ना तलावाचा! अख्खा तलाव बांधीत येऊन राहिला. कापलेला धान तरंगून राहिला!"

तुडूम म्हणजे पाळीखालून पाणी सोडायचं भोक. माझी गिटार म्हणजे त्या भोकाचं बूच!

हातातली करवत गळाली. "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी पाहुण्यांवरच ओरडलो.

"जवाईले कसं बोलाचं जी?" तुकारामभाऊ रडवेले होऊन म्हणाले.

मग काय विचारता! खांब खांद्यांवर, पुढे मी, मागे गाव. कसातरी खाली भोकात बसवून वरून ठोकला, तेव्हा पाणी थांबलं. नंतर मी बांधीत उतरलो. तुडुमाखालची पहिली बांधी मामाजींचीच होती. त्यांच्या वर्षाच्या भातात मी पाणी सोडलं होतं! इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. दिवस मावळेपर्यंत भारे वाहिले. धान वाचला. पाळीवर वाळत घातला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

चिखलानं माखलेले मामाजी शेजारी येऊन बसले. रागावतील म्हणून मान खाली घातली.

"जवाई, लाकूड पाहिजे असन त मले सांगा," ते हळूच म्हणाले. "कोरडं देतो."

आता मी सासुरवाडीला गेलो की माझ्या हातात पाण्याचा तांब्या नंतर येतो. आधी कुणीतरी तलावावर जाऊन बसतं.

खांब अजून तिथेच आहे, वरच्या सहा भोकांसकट. मागच्या खेपेला संध्याकाळी मी आणि सुमन पाळीवर बसलो होतो. पाण्यावरून वारा आला, भोकांतून शिरला, आणि खांब घुमायला लागला. खोल, गोड, दूरवर जाणारा सूर. बगळेसुद्धा मान वळवून बघायला लागले. आयुष्यभर शोधत होतो तोच हा आवाज! माझे डोळे भरून आले.

"ऐकलंस, सुमन? माझी गिटार!"

"आयकून राहिली ना," ती म्हणाली. "तुमचा हात लागत नाही, म्हणून गोड वाजून राहिली."