पितळी नळीतला आवाज

सासरे आमच्याकडे डार्मश्टाटला तीन महिने राहायला आले ते एकाच इच्छेने: नातीने आपल्याशी मराठीत बोलावं. बाकी जर्मनीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सामानातून बाराखडीचा तक्ता गुंडाळून आणला होता, तो आल्या दिवशीच त्यांनी तिच्या पलंगाशेजारी चिकटवला.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. त्यांनी "भूक लागली का गं?" असं विचारावं आणि तिने "या, ओपा" म्हणून, म्हणजे जर्मनमधलं हो म्हणून, मान डोलवावी. ओपा म्हणजे आजोबा; किंडरगार्टनमधल्या सगळ्या मुलांचे ओपाच, तसेच हेही. सासरे हसून घ्यायचे आणि मग बराच वेळ खिडकीतून ट्राम बघत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा. तिचा, कारण ती हट्टी. आणि त्यांचा, कारण ते बिचारे कधी चिडायचेच नाहीत. चिडले असते तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

बघता बघता तीन महिने सरले. रविवारी त्यांचं विमान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी नवऱ्याला ऑफिसच्या कामाने हांबुर्गला जायचं होतं, तेव्हा आम्हीही शेपटासारखे मागे गेलो. तो मीटिंगला गेला आणि आम्ही तिघं बंदरावर.

बंदरावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. क्रेनचे नुसते माथे दिसत होते, खाली काहीच नाही. कुठूनतरी भोंगा वाजायचा, पण बोट दिसायची नाही. आम्ही हळूहळू, न बोलता चालत राहिलो. धुक्यात माणूस आपोआप हळू चालतो.

धक्क्याला एक लाल बोट बांधलेली होती. जहाजांना, गोदामांना आग लागली की नदीतलंच पाणी उपसून ती विझवणारी बोट. आता निवृत्त होऊन संग्रहालय झालेली.

"म्हणजे पाण्यावरचा बंबच की!" सासरे म्हणाले. "आमच्यासारखाच, रिटायर झालेला."

पूर्वी याच बोटीवर काम केलेले एक म्हातारे गृहस्थ आम्हाला दाखवायला पुढे आले. डेकवर पाण्याच्या तोफा धुक्याकडे तोंडं करून उभ्या होत्या. बोट अगदी मंद हलत होती, इतकी मंद, की आपणच डुलतोय असं वाटावं. मला एकदम वाटलं, आपण इथे केव्हाचेच आहोत, आणि रविवार वगैरे असलं काही नसतंच. मुलीने आजोबांचं बोट धरलं होतं. फार बरं वाटत होतं.

वरच्या केबिनमध्ये सुकाणूशेजारी भिंतीतून एक पितळी नळी वर आली होती, कर्ण्यासारख्या तोंडाची. गृहस्थांनी सांगितलं, या नळीतून कप्तान खाली इंजिनघरात हुकूम द्यायचा. आणि इथला नियम असा, की खालच्या माणसाने तो हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा. नुसतं हो म्हटलेलं चालायचं नाही. इंजिनांच्या गोंगाटात ऐकलं एक आणि केलं दुसरं, असं व्हायला नको.

मी हे सासऱ्यांना मराठीत सांगितलं. ते नळीकडे बघत राहिले.

"म्हणजे मी म्हणेन ते तिला तसंच्या तसं म्हणावं लागणार?"

"हो बाबा."

"मग तुम्ही व्हा खाली. त्या शिडीवरून माझे गुडघे काही उतरायचे नाहीत," असं म्हणून ते कप्तानाच्या जागी उभेसुद्धा राहिले.

खाली इंजिनघर थंडगार होतं. तेलाचा जुना वास येत होता. इतकी शांतता होती, की बोटीच्या पोटाला पाणी चाटत होतं तेही ऐकू यायचं. गृहस्थांनी मुलीला त्याच नळीच्या खालच्या तोंडाशी एका पेटीवर उभं केलं. मीही तिच्या कानाशी कान लावला.

"पाणी सोडा!" नळी म्हणाली.

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग गृहस्थांकडे. त्यांनी मान हलवली. तिने नळीला तोंड लावलं.

"पाणी सोडा!"

"गेनाऊ!" अगदी बरोबर, म्हणून गृहस्थ खूश झाले.

"पंप जोरात!"

"पंप जोरात!"

"आग विझली, शाबास!"

तोही तिने परत म्हटला, शाबासकीसकट. एवढ्यात कप्तानाचे हुकूम संपले असावेत, कारण पुढचा आला, "वरणभात, तूप, लिंबू!" मग "खिडकीत चिमणी बसली!" मुलगी हसत हसत एकेक परत म्हणत होती. तीन महिन्यांत घरात जे झालं नाही ते नदीच्या पोटात चाललं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच एका चाकावरचा धूळ नसलेला भाग पुसला.

मग वरचा आवाज जरा खाली आला.

"आजोबा परवा घरी जाणार."

मुलीने कान काढला. गृहस्थांना बिचाऱ्यांना शब्द कळले नव्हते, ते म्हणाले, "परत म्हण की. नाहीतर वर वाटेल, खाली कोणीच नाही."

तिने दोन्ही हातांनी नळी धरली.

"नाही," ती म्हणाली. मराठीत. आणि थोडं थांबून, "आजोबा, तू जाऊ नको."

हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. वरून काहीच येईना. तिने गृहस्थांना जर्मनमध्ये विचारलं, "आता त्यांनी परत म्हणायचं ना?"

"गेनाऊ," ते म्हणाले.

ती कान लावून वाट बघत राहिली. शेवटी आवाज आला, इतका बारीक, की मला तो आधी ओळखूच आला नाही.

"आजोबा... तू जाऊ नको."

हुकूम बरोबर पोचला म्हणून ती खूश झाली, पेटीवरून उडी मारून शिडी चढायलाही लागली. मी मात्र खालीच थांबले. रविवारचं तिकीट माझ्याच पर्समध्ये होतं.