मागे कोण बसलंय?

निघोज्याच्या अंबूबाईंचा विश्वास म्हणून कुणावर बसायचा नाही. घरामागच्या चाळीत कंपन्यांतली पोरंपोरी भाड्यानं राहत. कोण कधी येतं, कुणाकडे कोण येतं, पिशवीत काय असतं, सगळ्यावर बाईंची नजर. नवरा हयात असताना म्हणायचा, "तू देवाची बी उलटतपासणी घेशील." त्यावर त्या म्हणत, "घ्याया नगं व्हय?"

त्यामुळे कोपऱ्यातल्या खोलीतली विजयश्री एका सकाळी दारात येऊन, "मावशी, थोडा वेळ तुमचा टीव्ही मिळेल का?" म्हणाली, तेव्हा बाईंनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात वायरींचं भेंडोळं आणि काडेपेटीएवढी काळी डबी.

"टीव्ही कशाला? तुझ्यापाशी हाय की ह्यो."

"याचा स्क्रीन फुटलाय, मावशी. बसमध्ये चेंगरला. आज नोकरीची मुलाखत आहे, यावरूनच. टीव्हीला जोडला की दिसेल."

"आन् ती डबी?"

"जुन्या टीव्हीला लॅपटॉप थेट लागत नाही. ही मध्ये लावायची."

बाईंना पटलं नाही. असल्या डबीत कॅमेरा असतो, घरातलं सगळं बाहेर दिसतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पण पोर रडायच्या बेतात होती. "लाव. पर मी हितंच बसणार," म्हणत त्यांनी खाटेवर बैठक मारली.

विजयश्रीनं टीव्हीमागच्या डिशच्या पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या पिना उपसल्या आणि तिथं डबीच्या खोचल्या. पडदा निळा झाला, मग काळाठिक्कर.

"घातलंस न्हवं बिघडवून?"

"थांबा हो, मावशी." तिनं रिमोट दाबला, लॅपटॉपच्या कळा चाचपल्या, आणि चित्र आलं. अक्षरं अंधुक, कडा कापलेल्या, पण आलं. लॅपटॉप टीव्हीपुढे, कॅमेरा आपल्याकडे करून ठेवला आणि खाटेपुढे स्टूल ओढून ती बसली. बाईंची नजर डबीवरून हलेना.

टीव्हीत टाय लावलेले एक साहेब अवतरले. बाईंनी पदर सावरला. विजयश्री इंग्रजीत भराभर उत्तरं देत होती. मध्येच साहेब थबकले आणि मराठीत म्हणाले, "तुमच्या मागे कोण बसलंय?"

"घरमालकीण आहेत, सर."

"त्यांचे ओठ हलतायत. उत्तरं सांगतायत का तुम्हाला?"

अंबूबाई उसळल्या. "आरं, सुपारी हाय तोंडात! मला काय कळतंय तुमचं?"

"आजी, बाहेर बसा. नाहीतर मुलाखत थांबवावी लागेल."

आजवर संशय घ्यायचं काम त्यांचं होतं; त्यांच्यावर कुणी घेतला नव्हता. कानशिलं तापली. चांगलं खरमरीत उत्तर जिभेवर आलं, पण विजयश्रीनं मान वळवून पाहिलं आणि बाईंनी ते सुपारीबरोबर गिळलं. स्वतःच्या घरातून, स्वतःच्याच टीव्हीतल्या माणसानं हाकललं, तशा बाई ओट्यावर जाऊन बसल्या. भंगारवाला ओरडत आला, त्याला हातवारे करून पार रस्त्याच्या वळणापर्यंत पिटाळलं.

मुलाखत उरकून विजयश्री बाहेर आली, तशा बाई म्हणाल्या, "त्यो माणूस बरा न्हाई, पोरी. कुणावर इस्वास म्हणून न्हाई त्याचा!"

विजयश्रीनं ओढणी तोंडाशी धरून हसू दाबलं. डिशच्या पिना तिनं पुन्हा लावल्या. बाईंनी एकूण एक चॅनेल फिरवून पाहिलं, तेव्हाच तिला जाऊ दिलं.

पुढच्या आठवड्यात ती पेढे घेऊन आली. चाकणच्या कंपनीत काम लागलं होतं. बाईंनी पेढा उलटसुलट करून पाहिला, देवापुढे ठेवला आणि विचारलं, "कंपनी खरी हाय न्हवं? जाऊन बघितलीस का नुसती टीव्हीतच?"