फळीचं मागचं टोक

आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर मागची खोली रिकामी करून सुतारकाम मांडलं. हौशी काम, पण घरातली एक खुर्ची सुखानं राहू दिली नाही.

लांब फळी कापायची असली की मला बोलावणं यायचं. हे बाजूला उभं राहून विजेच्या कटरच्या टेबलावर फिरत्या पात्याकडं फळी पुढं ढकलणार, मी फळीच्या मागं उभी राहून मागचं टोक तोलून धरणार. आठ वर्षं असंच चाललं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

तीन महिन्यांपूर्वी यांच्या डोक्यात नव्या कटरचा भुंगा शिरला. "जुन्याला काय धाड भरलीय?" विचारलं तर "हलतं" एवढंच. दुकानांच्या चकरा, जेवता जेवता उठून दाराची रुंदी मोजायची, दोन घास खाऊन पुन्हा उठायचं. पायाला नुसती भिंगरी. जुनं कटर मात्र एकदाही चालू केलं नाही. मी खोलीत डोकावले की "काही काम नाही, जा." मी यांना आता नकोशी झाले, असंच मला वाटलं. फार लागलं मनाला. पण मीही कमी नाही, विचारलं नाही.

शेवटी नवं आलं. मोजून मोजूनही दारात घोडं अडलंच, चौकट काढावी लागली. मग आठ दिवस नुसती पुसापुशी. कधी टेबल समपातळीत नाही, कधी उजेड कमी. नवव्या दिवशी मीच एक लांब फळी आणून टेबलाला टेकवली आणि टोक धरून नेहमीच्या जागी उभी राहिले.

"तिथं नको!" हे ओरडले.

"का? नव्या मशीनला नवी माणसं लागतात वाटतं?"

यांनी माझ्या पाठीमागच्या भिंतीला टेकलेला प्लायवूडचा तुकडा बाजूला केला. मागं प्लास्टरला खोल खोक पडली होती, माझ्या कपाळाच्या उंचीवर.

"जुन्यावर फळी अडकली आणि उलटी उडाली. बेल वाजली म्हणून तू दार उघडायला गेली होतीस."

"आवाज कसला म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, तुकडा खाली पडला."

"सांगवेना. या नव्याला पात्यामागं पट्टी आहे, कापलेली फट मिटून पात्याला आवळू देत नाही, म्हणजे फळी उडत नाही. दुकानदाराकडून दहादा वदवून घेतलं. तरी बटणाकडं हात जात नाही."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तीन महिने हा माणूस एकटाच ती भिंत बघत बसला होता.

"अहो, भीती काय तुमची एकट्याची इस्टेट आहे?" मी म्हटलं आणि टोक धरून बाजूला सरकले. "इथं चालेल?"

"अजून जरा."

"आता?"

"अजून."

अजून अजून करत मी फळी सोडून दाराबाहेर पोचले, तरी यांचं समाधान होईना. तेव्हा यांचं यांनाच हसू आलं आणि हसता हसता हे जमिनीवरच बसले, तोंड हातांत धरून. मी आत जाऊन शेजारी बसले. फळी त्या दिवशी कापली नाही.