दाढेतल्या दोन पिना

इतका घाबरट माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्याच्याच हातात मी माझी दाढ दिलेली. मी चौथी नापास, सेंटरिंगचा मुकादम. मानपाड्यातल्या निम्म्या इमारतींचे स्लॅब माझ्या हाताखाली पडलेत, एकाला तडा दाखवा. नौपाड्यातला हा दातांचा डॉक्टर मात्र स्वतःच्या कामावर घटकाभर विश्वास ठेवत नसे. दातात चांदी भरली की पेशंट रस्ता ओलांडेपर्यंत हा खिडकीत उभा. पेशंट समोरच्या दुकानात चिक्की घेताना दिसला, तर हातातलं काम टाकून खाली पळायचा.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास माझी उजवी दाढ अर्धी फुटली. त्या बाजूला चावायला तेवढी एकच उरलेली. ती गेली की भाकरी आणि सुके बोंबील गेले, आणि कवळी मी लावणार नव्हतो. डॉक्टर म्हणाला, चांदी टिकायला आधार नाही, दाढेत दोन बारीक पिना बसवतो. मी म्हटलं, चार बसवा. सळई जास्त तेवढा स्लॅब पक्का, हे मला कोणी शिकवायचं नाही.

त्याला घाम फुटला. "मुकादम, काँक्रीट सळईला घट्ट धरतं, चांदी पिनेला तशी चिकटत नाही. पिन चांदीला जागेवर धरते, बळ देत नाही. जास्त पिना म्हणजे फुटायला जास्त जागा."

मी खुर्चीतून उठून घरी आलो.

आठ दिवसांनी हा स्वतः मानपाड्यात हजर. काडेपेटीत कापूस, कापसात शेंगदाण्याएवढे चांदीचे सहा तुकडे: तीन नुसते, तिनांत चार-चार पिना. ओळखीच्या वर्कशॉपातल्या वाइसच्या लोखंडी जबड्यात एकेक धरून आवळायचा दांडा मीच फिरवला. पिनावाले तिन्ही आधी फुटले, बरोबर पिनांच्या कडेनं. नुसते बराच वेळ तगले.

मी म्हटलं, तुमची चांदीच हलकी असेल.

दुसरा कोणी हसला असता. याचा चेहरा पडला. "खरंच हलकी असेल का हो?"

तो चेहरा मला बघवेना. दोन तर दोन, म्हणून जाऊन बसलो.

मग वर्षानुवर्षं त्याच्या तपासण्या. साइटवर यायचा, सगळ्या बिगाऱ्यांसमोर मला तोंड उघडायला लावून टॉर्च मारायचा. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत मी लाडू उचलला, तर मागून कानाशी हळूच आवाज, "डावीकडून, मुकादम."

पुढे त्याचा हात कापायला लागला, तेव्हा त्यानं आपणहून दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी मला बोलावून दाढ कितीतरी वेळ बघितली. "अजून आहे," म्हणाला, जसं काही ते काम दुसऱ्याच कोणाचं.

तो गेला त्याला दोन वर्षं झाली. परवा नौपाड्यात गेलेलो. त्या समोरच्या दुकानातून मुद्दाम चिक्की घेतली आणि वर बघितलं. खिडकी बंद होती. तिथंच उभ्यानं चिक्की खाल्ली. डावीकडून.