डुक्करछाप

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या भूतलावर पहिल्या नंबरची एकही वस्तू नाही. हा निकाल माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या मामांनी, शहापुरात आपल्या दुकानाच्या गादीवर बसून दिला होता आणि त्यावर अपील नव्हते.

त्यांना नाद चांदीच्या जुन्या रुपयांचा. ते रुपये बाजारातून केव्हाच उठले होते. उरले होते ते पाड्यांवरच्या बायांच्या गळ्यांत, कडी डागून माळेत ओवलेले. त्यामुळे हा गृहस्थ आठवडी बाजारात परक्या बायांच्या गळ्यापाशी भिंग नेई, आणि तरीही त्याने कधी मार खाल्ला नाही, कारण रुपयावरच्या राणीच्या नाकापलीकडे त्याला काही दिसत नसे हे बायांनाही कळे. आधी गाल झिजतो, मग केस, शेवटी नाक, असा त्यांचा सिद्धान्त. ही परीक्षा नाण्यांवरच थांबती तर बरं होतं. मामेसासूबाईंची भाकरी उजेडात फिरवून ते म्हणत, "कडा शाबूत, चेहरा पुसट. दुसरा नंबर." मला पाहायला आले तेव्हा हनुवटी धरून खिडकीकडे वळवलं आणि माझ्या वडिलांसमक्ष सांगून टाकलं, "नाक शाबूत आहे. तिसरा नंबर. चालेल."

त्यांच्या संग्रहात उणीव एकच, डुक्करछाप रुपयाची. त्यावरच्या इंग्रज राजाच्या झग्यावर कोरलेल्या हत्तीची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला, बोंब झाली आणि सरकारने तो रुपया मागे घेतला. एका हिवाळ्यात, मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत, बैलांच्या गर्दीतून वाट काढताना, एका म्हातारीच्या गळ्यात त्यांना तो दिसला. त्यांनी भिंग लावलं. डुक्कर अगदी ठसठशीत. बदल्यात त्यांनी नवं लुगडं कबूल केलं.

"औंदा नाय, शेट," म्हातारी म्हणाली. "भावाच्या घरी लगीन हाय. मोकळ्या गळ्यानं कशी जाऊ? पुढल्या जत्रंला ये, देते."

वर्षभर मामेसासरे त्या डुकराविषयी घरात नवी सून यायची असल्यासारखे बोलत राहिले. पुढच्या जत्रेला आम्ही लुगडं घेऊन गेलो. म्हातारी वाटच पाहत होती. तिने लुगडं खांद्यावर टाकलं आणि पदराच्या गाठीतून रुपया काढला. आरशासारखा लखलखत होता. शेटला काळा रुपया कसा द्यायचा म्हणून तिने तो वर्षभर राख आणि चिंच लावून घासला होता. डुक्कर गेलं होतं. झगा गेला होता. राजाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा.

"कसा झाला?" ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

मामेसासऱ्यांनी भिंग लावलं. बराच वेळ ते रुपयाकडे नाही, तिच्या चिंचेने उललेल्या अंगठ्याकडे बघत होते. आता ते नाहीत, पण तो निकाल देतानाचा त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"पहिला नंबर, मावशी."

म्हातारीने रुपया त्यांच्या हातातून काढून घेतला आणि परत पदराला गाठ मारली.

"इतका चांगला हाय? मंग नाय देत रे तुला. नातीला ठेवीन."