भाऊरावांचं पाचवं शील

भाऊराव रणपिसे दारूला शिवत नाहीत, हे घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते वस्तीचे बौद्धाचार्य. लग्न असो की नामकरण, त्रिसरण-पंचशील द्यायला भाऊरावच हवेत. एरवी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर, आणि रविवारी पांढराशुभ्र सदरा घालून मंडपात. आवाज असा खणखणीत, की लाउडस्पीकरचं भाडं फुकट गेलं म्हणून मुलीकडचे कौतुकानं कुरकुरत.

पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. तिथे त्यांचा आवाज आणखी चढायचा आणि नजर नेमकी मंडपातल्या पिणाऱ्यांवर जायची. रिक्षावाला सहदेव त्या नजरेनंच सुटला. वस्तीत लोळत पडणारा माणूस, भाऊराव वर्षभर रोज संध्याकाळी त्याच्या रिक्षात जाऊन बसले, आणि सोडवली त्याची. तेव्हापासून सहदेव त्यांना देव मानायचा. भाऊरावांना देव मानलेलं चालत नसे, ते वेगळं.

आता खरं सांगायचं तर दारू न पिण्यात भाऊरावांचा मोठेपणा निम्माच होता. उरलेला निम्मा त्यांच्या अंगाचा. पंचविशीत कारखान्यातल्या दोस्तांनी आग्रहानं एक घोट पाजला होता. तेवढ्यानं चेहरा लालभडक झाला, अंगावर गांध्या उठल्या, छाती धडधडायला लागली आणि गडी मशीनशेजारी आडवा. मित्र महिनाभर हसले. भाऊरावांनी पुन्हा नाव घेतलं नाही. पण ही हकिगत ते मंडपात सांगत नसत. कोण सांगेल?

साल चौऱ्याऐंशी उजाडलं आणि या माणसाला काहीतरी होऊ लागलं. आधी थंडी. मे महिन्यात घाटकोपरची माणसं बनियनवर बसतात, आणि भाऊराव स्वेटर घालून. मग झोप. कारखान्यात उभ्या उभ्या डुलक्या, घरी ताटावर डुलक्या. मग कातडी. पायांवर, कोपरांवर खवले धरायला लागले, रात्रभर खाजवून खाजवून रक्त यायचं. सकाळी त्यांची बायको रतन चादर झटकायची तेव्हा कोंडा उडायचा. वस्तीतल्या डॉक्टरानं गजकर्णाचं मलम दिलं, मग खरजेचं दिलं, मग म्हणाला साबण बदला. साबण बदलला. नळावर बायका रतनच्या हंड्यापासून आपले हंडे जरा लांब सरकवायला लागल्या, तोंडानं मात्र कुणी काही बोललं नाही.

आणि शेवटी चेहरा. डोळ्यांखाली फुगवटा, ओठ जाड, जीभ जड. तो खणखणीत आवाज घोगरा आणि संथ झाला. एक वाक्य बोलायला इतका वेळ, की ऐकणारा मध्येच दुसरीकडे बघायचा. चालताना पाय टाकायचे तेही अंदाजानं. सुजलेलं तोंड, अडखळणारी जीभ, सदा पेंगुळलेले डोळे. असा माणूस बघून आपल्याकडे काय म्हणतात, ते कुणाला शिकवायला नको. वस्तीही तेच म्हणाली. “आचार्य घेतात वाटतं,” हे आधी हळू, मग तेवढं हळू नाही.

भाऊरावांच्या कानावर हे आलंच नाही. त्यांना चिंता एकच होती. शुभाचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न मुलुंडच्या मुलाशी ठरलं होतं. तारीख पुढच्या मे महिन्यातली. शेकडो लेकींची लग्नं लावली, आपल्या लेकीला पंचशील आपल्या तोंडानं द्यायचं, एवढंच त्यांना आयुष्याकडून मागायचं होतं. आणि आवाजच गेला तर?

म्हणून ते स्टेशनजवळच्या वैद्यबुवांकडे गेले. वैद्यांनी नाडी बघितली, अशक्तपणा आहे म्हणाले आणि एक आसव दिलं. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. गोडसर, तुरट, तपकिरी औषध. पहिल्याच दिवशी भाऊरावांच्या अंगात ऊब आली. कित्येक महिन्यांनी कानशिलं गरम झाली. मानेवर थोडं पुरळ आलं, छाती जरा धडधडली. पण औषध लागू पडतंय म्हटल्यावर एवढं चालायचंच. दोनाचे चार चमचे झाले, पाणी घालायचं सुटलं. हे सगळं कुठेतरी ओळखीचं आहे असं एकदा वाटलंही त्यांना. पण औषधावर संशय कोण घेतो? थंडीनं गारठलेल्या माणसाला ऊब मिळाली, की तो चूल कसली आहे ते विचारत नाही.

जानेवारीत भांडुपला एक लग्न होतं. सकाळपासून आवाज फुटेना, म्हणून भाऊरावांनी निघताना चार चमचे घेतले आणि मंडपामागे उभं राहून बाटलीनंच आणखी दोन घोट. त्रिसरण झालं. चार शीलं झाली. तोवर मान लाल, चेहरा लाल, हातांवर गांध्या. पाचव्या शीलाला जीभ अडखळली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून टेबल धरलं, तर फुलदाणी खाली आली. नवऱ्याचा मामा सावरायला धावला आणि तोंडाजवळ येताच मागे सरला.

“वास येतोय,” तो म्हणाला. माइक चालूच होता.

हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या कुणीतरी पुस्तकातून वाचून विधी पुरा केला, आणि सहदेवनं भाऊरावांना काखेत धरून रिक्षात घातलं. घाटकोपरला उतरवताना त्यांच्या सदऱ्याची बटणं नीट लावून दिली.

“रतन, तुझी शपथ,” भाऊराव घरी म्हणाले, “थेंब नाही घेतला मी.”

रतनचा बाप दारूनं गेला होता. “शपथा माझा बाप बी घ्यायचा,” ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

मग ते म्युनिसिपालिटीच्या मोठ्या इस्पितळात गेले. औषधाला नव्हे, दाखल्याला. मी दारू पीत नाही असं डॉक्टरानं लिहून द्यावं, आणि ते विहार समितीपुढे ठेवावं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भाऊरावांचं तोंड बघितलं, कातडी चिमटीत धरली, टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली आणि पाय कसा सावकाश हलतो ते पाहत राहिल्या. रक्त घेतलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला.

“काका, तुमच्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात. ती मंदावलीये. थंडी, झोप, सूज, हे कातडीचं, आवाज, सगळं त्यातलंच. गोळी देते. रोज घ्यायची, जन्मभर. फरक पडेल, पण महिने लागतील.”

भाऊरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. रोगाचं नाव ऐकून इतका आनंद झालेला माणूस बाईंनी बघितला नसेल. “म्हणजे दारूचा काही संबंध नाही ना? तसं लिहून द्या, बाई.”

“आणखी काही औषध चालू आहे?”

त्यांनी पिशवीतून आसवाची बाटली काढली. बाईंनी वास घेतला. “हे आधी बंद करा. आसव आंबवून करतात, त्यात दारूचा अंश असतो. तुमच्या अंगाला तो सोसत नाहीये. पूर्वी कधी असं झालं होतं?”

झालं होतं. मशीनशेजारी झालं होतं. भाऊराव बाकावर बसून राहिले. कित्येक महिने दुसऱ्यांना पाचवं शील देत होते आणि जेवणानंतर स्वतः ते मोडत होते, आणि वर त्याला गुण म्हणत होते. गुन्हा नाही, हे त्यांना कळत होतं. पण कळून काय करायचं? माइकवर ‘वास येतोय’ म्हणणारा मामा खोटं बोलला नव्हता.

दाखल्यात बाईंनी फक्त थायरॉईडचं लिहिलं. दुसऱ्या कुणी तेवढंच दाखवलं असतं. भाऊराव समितीपुढे उभे राहिले आणि आसवाचंही सांगून बसले. थायरॉईड हा शब्द तिथे कुणी ऐकला नव्हता. गळ्याचा रोग म्हणजे गाठ हवी, आणि त्यांच्या गळ्याला गाठ नव्हती. कळला तो एकच शब्द, दारू. समितीची माणसं वाईट नव्हती. “दादा, थोडे दिवस आराम करा,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी नळावर बातमी होती की आचार्य औषधाच्या बाटलीतून घेत होते, स्वतःच कबूल झाले.

एप्रिलमध्ये शुभा त्यांच्या पायाशी येऊन बसली. त्यांच्या पोटऱ्यांना खोबरेल लावायचं काम तिचं होतं. लावता लावता खाली मान घालून म्हणाली, “अण्णा, माझा विश्वास आहे तुमच्यावर. रिपोर्ट वाचलाय मी. पण मुलुंडची माणसं विचारतायत. लग्न तुम्ही नका ना लावू.”

“बरं,” भाऊराव म्हणाले. तिनं तोंड वर केलं नाही, तेल चोळत राहिली. त्या पोरीचा काय दोष होता? त्यांचा तरी काय होता? दोघांनाही उत्तर माहीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

लग्न मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. गोळीनं थंडी जरा कमी झाली होती, पण तोंडावरची सूज अजून तशीच. भाऊराव दुसऱ्या रांगेत रतनशेजारी बसले. पांढऱ्या साडीत शुभा उभी होती आणि एक तरुण आचार्य माइकवरून शीलं देत होता. त्याचे उच्चार चुकत होते. सगळा हॉल त्याच्यामागून म्हणत होता, भाऊरावही म्हणत होते. पाचवं शील आलं तशी पुढच्या रांगेतली दोन माणसं वळली आणि त्यांच्याकडे बघून पुन्हा समोर बघायला लागली. भाऊरावांचे ओठ हलत राहिले, आवाज निघाला नाही.

जेवणावळी सुरू झाल्यावर सहदेव त्यांना शोधत आला. खुर्ची ओढून अगदी जवळ बसला, आणि त्यांचा खडबडीत हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“भाऊदादा, लाजू नका. मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? पहिले दोन-तीन महिने वाट लागते माणसाची, मला माहितीये. मग सुटते. तुम्ही माझी सोडवलीत, आता मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसणार. एकटं नाही सोडणार तुम्हाला.”

थायरॉईड, ग्रंथी, आसव, मशीन, पंचविशी, एवढं सगळं सांगायचं म्हणजे त्या जड जिभेला अर्धा तास लागला असता. आणि सहदेवचे डोळे खरोखर भरून आले होते. अख्ख्या हॉलमध्ये त्यांचा हात धरणारा तो एकच माणूस होता.

“ये बाबा,” भाऊराव म्हणाले. “सुटेल.”