आम्ही स्प्रिंग वळली तेव्हा

चीनमधल्या ज्या बाईकडून आम्ही स्प्रिंगा मागवायचो, तिची नि माझी अकरा वर्षांची ओळख होती. भेट एकदाही नाही. दिवाळीला ती मला शुभेच्छा पाठवायची, तिच्या नव्या वर्षाला मी तिला. त्या फेब्रुवारीत आलेला तिचा निरोप मात्र दोनच ओळींचा होता. सणाला गावी गेलेले कामगार साथीमुळं परत येऊ शकत नाहीत, कारखाना बंद आहे, कधी उघडेल ते सांगता येत नाही. खाली तिनं लिहिलं होतं, तुम्ही जपून राहा.

मी तेव्हा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात खरेदी बघायचे. आम्ही मोटरसायकलच्या इंजिनाला लागणारे ऑइल सील बनवायचो. हे सील म्हणजे रबराची एक कडी. इंजिनातल्या फिरत्या दांड्याला ती गच्च मिठी मारून बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. ती मिठी सुटू नये म्हणून कडीच्या आत एक गोल स्प्रिंग असते, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या तारेची, तान्ह्या बाळाच्या मनगटात बसेल एवढी. रबर केरळातून यायचं, पत्र्याच्या कड्या दोन गल्ल्या सोडून बनायच्या. स्प्रिंग तेवढी समुद्रापलीकडून यायची, कारण ती चांगली होती आणि अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. म्हणून दुसरी सोय बघावी असं मला कधी वाटलंच नाही. खरेदी माझ्याकडं होती, तेव्हा ती चूकही माझीच.

गोदामात जाऊन मी डबे मोजले. अठरा दिवस पुरेल एवढा माल होता.

आमचे मालक मूळचे लासूर स्टेशनचे. घरचा कापसाचा व्यापार भावांवर सोपवून त्यांनी हा कारखाना काढला होता. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो, पण ते जेवायला आमच्यातच बसायचे. मी त्यांना निरोप दाखवला तर ते म्हणाले, विमानानं मागवू. मी म्हटलं, साहेब, मालच बनत नाही, विमानात घालणार काय? त्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर पहिली पाळी सुटत होती. साठ माणसं होती आमच्याकडं, निम्म्याहून अधिक बायका.

मग मी फोनला बसले. पुणे, राजकोट, लुधियाना. देशात ही स्प्रिंग बनवणारे होते, नव्हते असं नाही. पण अख्खा देश त्याच आठवड्यात त्यांच्या दारात उभा होता. कुणी जूनचा वायदा करायचं, कुणी फोनच उचलत नव्हतं. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही सील द्यायचो, तिथल्या तपासणी अधिकाऱ्यांना मी खरं ते सांगून टाकलं. ते सभ्य गृहस्थ होते. माल थांबला तर आमच्या गाड्या बनायच्या थांबतील, एवढंच ते म्हणाले. त्यापुढचं मला सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी फोन ठेवता ठेवता मला शहरातल्या छावणी भागातले एक चाचा आठवले. मी कॉलेजात असताना आईच्या शिलाई मशीनची एक बारीक स्प्रिंग तुटली होती. तसलं जुनं मशीन, सुटा भाग कुठंच मिळेना. तेव्हा छावणीच्या बाजारात कुलपं आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या चाचांनी माझ्यासमोर तार वळून नवी स्प्रिंग करून दिली होती. आईचं मशीन त्यावर पुढं वीस वर्षं चाललं.

दुकान तिथंच होतं. चाचांची दाढी पांढरी झाली होती आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मी चीनची स्प्रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी भिंग लावून ती बराच वेळ पाहिली, नखानं ताणली, सोडली, पुन्हा ताणली. एवढी बारीक तार हातात धरून किती वर्षं झाली, असं काहीतरी पुटपुटले. मी सगळी हकीकत सांगितली. मशीनवर बनवलेली चीज आहे, हातानं किती होणार, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी एक तर होऊ द्या.

"एक बनली तर लाख बनतात, बेटा," ते म्हणाले. "तार चांगली आणा. बाकी माझ्यावर सोडा."

तार मिळाली ती आमच्याच वसाहतीत. ब्रेकच्या केबली बनवणाऱ्या एका कारखान्यात तसल्या जाडीची पोलादी तार रिळावर पडून होती. त्यांचंही काम परदेशी मालावाचून अडलं होतं, त्यांनी रीळ लगेच दिलं. रोज त्यांच्या फाटकावरून मी बसनं जायचे. आत काय बनतं ते मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी चाचांना आणायला स्वतःची गाडी पाठवली. चाचांनी सायकलचा एक स्पोक घासून घासून बारीक केला, आमच्या फिटरकडून तो एका जुन्या मोटरला जोडून घेतला आणि त्यावर तार वळायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या हातात वीतभर स्प्रिंग दिली. वेढ्याला वेढा लागलेला, कुठंही फट नाही. वळलेल्या तारेला जरा भाजावं लागतं, नाहीतर ती ढिली पडते, असं ते म्हणाले. छावणीत ते त्यासाठी कढईत वाळू तापवायचे. आमच्याकडं रबर भाजायची भट्टी होतीच, तिच्यात ते काम उत्तम झालं. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलो नव्हतो. सरळ स्प्रिंग झाली होती, ती गोल जोडायची राहिली होती. चीनच्या स्प्रिंगचं एक टोक निमुळतं असायचं आणि ते दुसऱ्या टोकाच्या पोटात शिरलेलं असायचं. चाचांनी शेवटचे वेढे सुईवर वळून निमुळतं टोकही केलं. पण ते आत फिरवून बसवायला गेलं की अख्खी कडी पिळली जायची, इंग्रजी आठाचा आकडा व्हायचा, आणि जरा ताणली की जोड निसटायचा. तीन दिवस तेच चाललं. चाचांचं बोट चिरलं, चिंधी बांधून ते परत बसले. गोल कडी त्यांनी जन्मात केली नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि मला म्हणाले की तुमचा वेळ मी घालवला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना चहासुद्धा विचारायचं विसरले.

तिथंच पलीकडं सीलच्या कडेचं जादा रबर कापणाऱ्या बायका बसायच्या. त्यांतली एक पाचोडकडची होती. चाळिशीची, कमी बोलणारी, हाताची अशी चलाख की तिनं कापलेली कड तपासावी लागत नसे. आदल्या तीन दिवसांत ती येता-जाता थांबून बघत होती, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि काम सोडून काय बघतेस म्हणून मी तिला टोकलंही होतं. आता ती जवळ आली.

"म्याडम, बोलू का एक? आमचा बाप गुरांसाठी अंबाडीच्या वाखाची दावी वळायचा. जोड द्यायचा तर आधी उलटा पीळ भरायचा, मग सोडायचा. त्यो आपसूक सुलटा फिरून बसतो. तुमी समदे सुलटंच पिळायलात."

चाचांनी मान वर केली. तिनं विचारलं, मी घेऊ का हातात? मी हो म्हणायच्या आत चाचांनीच स्प्रिंग तिच्यापुढं धरली.

तिनं एक टोक डाव्या चिमटीत पक्कं धरलं आणि उजव्या हातानं दुसरं टोक उलटं पिळत गेली, एक, दोन, पाच, सात वेढे. मग दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली आणि चिमूट सैल केली. स्प्रिंग आपली आपण फिरली, निमुळतं टोक सरसर आत शिरलं आणि तिच्या तळहातावर एक गोल कडी पडली. सपाट, आठाचा आकडा नाही, काही नाही. मी ती ताणली. जोड हलला नाही. साहेबांनी ताणली. फिटरनं पकडीत धरून ताणली. चाचांनी ती कडी स्वतःच्या करंगळीत घातली आणि त्या बाईला म्हणाले, "माझा उस्ताद असता तर त्यानं तुला पगडी बांधली असती."

ती लाजून परत जागेवर जायला निघाली. साहेबांनी तिला जाऊ दिलं नाही. रबर कापायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, ही उद्यापासून इथं बसेल, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात तिनं सात जणींना शिकवलं. चाचा तार वळायचं बघायचे, त्या जोड द्यायच्या. पहिल्या दिवशी दोनशे झाल्या, तिसऱ्या दिवशी त्याच्या कितीतरी पट. सहा दिवसांचा माल उरलेला असताना आमच्या स्प्रिंगा घातलेले सील तपासायला गेले.

कंपनीतली तपासणी साधी नसते. गरम तेलात दांडा सतत फिरवत ठेवतात, सीलखाली पांढरा कागद असतो, आणि त्या कागदावर तेलाचा एक ठिपका दिसला तरी माल नापास. ते अधिकारी म्हणाले होते की हातानं केलेल्या वस्तूला मी सवलत देणार नाही. मी म्हटलं, देऊच नका. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. यंत्र बंद करून त्यांनी कागद ओढला, उजेडाकडं धरला आणि माझ्याकडं दिला. कोरा होता. बोट फिरवून पाहिलं, तरी कोरा. मग ते म्हणाले की त्यांनी मला न सांगता शेजारच्या यंत्रावर चीनच्या स्प्रिंगचा सीलही चालवला होता, आणि दोन्ही कागद सारखेच निघाले. हे कुणी बनवलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छावणीच्या एका चाचांनी आणि पाचोडच्या एका बाईनं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मी तो कागद मागून घेतला आणि रिक्षानं वाळूजला आले. कारखान्यात शिरून तो मी बायकांपुढं धरला. एकीनं विचारलं, यावर तर काहीच नाही? मी म्हटलं, तेच तर. मग ज्या टाळ्या वाजल्या, त्या रबर दाबणाऱ्या प्रेसच्या आवाजातही ऐकू गेल्या.

थोड्याच दिवसांत आपल्याकडंही टाळेबंदी आली आणि सगळंच थांबलं. पण उन्हाळा सरता सरता कारखाने उघडले, तेव्हा बंदरात कंटेनरवर कंटेनर चढले होते आणि ज्याचा-त्याचा माल त्यात अडकून होता. आमचा अडकला नव्हता. परवानगी मिळाली त्याच आठवड्यात आमची पहिली गाडी भरून निघाली. पुढं राजकोटच्या ज्या माणसानं फोन उचलला नव्हता, त्यानंच आमच्याकडं स्प्रिंग मागितली. आम्ही दिली.

चाचांना साहेबांनी नोकरी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. छावणीचं दुकान सोडायचं नाय, म्हणाले. आठवड्यातून दोन दिवस यायचे. पाचोडची बाई स्प्रिंग विभागाची प्रमुख झाली. तिच्या हाताखाली आता बावीस जणी आहेत, आणि नवी यंत्रं घेताना कुठलं घ्यायचं हे तिनंच ठरवलं.

चीनच्या बाईचा कारखाना उघडला तेव्हा तिनं भीतभीत विचारलं, आता आमच्याकडून घेणार का? मी साहेबांशी बोलून कळवलं, निम्मी तुमची, निम्मी आमची. एकाच दारावर पुन्हा विसंबायचं नाही, मग ते दार आपलं स्वतःचं का असेना. त्यानंतर मी आमच्या प्रत्येक वस्तूसाठी एका वहीत दोन दारं लिहून ठेवली, आणि दुसरं दार शक्यतो एका दिवसात जाऊन येता येईल असं. ही वही करायला मला वर्ष लागलं. वसाहतीतल्या जवळजवळ प्रत्येक फाटकातून मी आत जाऊन आले.

तीनेक वर्षांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. रबरात मिसळायची एक पावडर आम्ही तिकडून आणायचो. जहाज महिनाभर उशिरा येणार असं कळलं, तेव्हा मी माझ्या भाचीच्या लग्नाला गेले होते. साहेबांनी फोन केला, मी वहीतलं पान सांगितलं आणि परत हळदीला जाऊन बसले. चार दिवसांनी कामावर आले तर पावडर आलेली होती, मिसळूनही झाली होती, आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.